वायरला वीस हजारांचा दंड

आमच्याकडे घराचा पत्ता वेगळा आणि रेंजचा पत्ता वेगळा सांगावा लागतो. घर मारुतीच्या देवळामागं, पण फोन लागेल तो खळ्यातल्या आंब्याखाली, आणि तोही तोंड माहुलीच्या सुळक्यांकडे करून उभं राहिलात तर. शहापूरहून किन्हवली धरून मुरबाडकडे निघालं की एसटीत फोनवर बोलणाऱ्यांचे आवाज आधी चढतात, मग चोहोबाजूंनी "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" सुरू होतं, आणि पुढच्या वळणावर सगळे एकदम गप्प होऊन खिडकीबाहेर बघू लागतात. डोळखांबकडे वळणाऱ्यानं तर घरच्यांना जे काही सांगायचं ते फाट्यावरच सांगून घ्यावं. स्थळ बघायला येणारी मंडळी पूर्वी विहीर किती लांब ते विचारायची. आता नळ झाला, संडास झाला, की आवाज जरा खाली आणून विचारतात, "रेंज आहे ना?" मुलगा एकुलता एक आहे, भाताची जमीन रस्त्याला लागून आहे, असल्या उत्तरांनी हा प्रश्न टळत नाही.

अशा एका गावातल्या वाचनालयाचा मी चिटणीस. सरकारदप्तरी आमचं वाचनालय 'ड' वर्गात मोडतं, आणि हा वर्ग त्याला शोभतो. मुंबईतल्या एका कचेरीनं मोडीत काढलेले दोन संगणक आणि एक लॅपटॉप आम्हाला देणगीत मिळाले. त्यांच्यावरचं विंडोज सुरू केलं, की चहा टाकून, पिऊन, कप विसळून आलं तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं. तेव्हा अध्यक्षांच्या पुतण्यानं, म्हणजे कल्याणला इंजिनिअरिंगला जाणाऱ्या पोरग्यानं, तिन्हींवर लिनक्स टाकायचं सुचवलं. लिनक्स म्हणजे काय हे कार्यकारिणीत कुणी विचारलं नाही. किती पडतील, एवढंच विचारलं. फुकट आहे म्हटल्यावर ठराव एकमतानं मंजूर झाला.

गावात एमएस-सीआयटी झालेली माणसं घरटी एक तरी आहेत. महाराष्ट्र ज्ञान महामंडळानं २००१ साली हा अभ्यासक्रम आणला, सरकारी नोकरीला त्याचं सर्टिफिकेट लागू लागलं, आणि नोकरी नाही लागली तरी सर्टिफिकेट भिंतीवर लागलं. ही तज्ज्ञ मंडळी एकेक करून लिनक्स बघायला आली. सगळ्यांनी आधी ओळखीचा निळा पडदा शोधला, मग 'इंटरनेट'चं ते निळं इंग्रजी 'ई' शोधलं, आणि "व्हायरस आहे" असं निदान करून चपला घातल्या.

पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानसं चिन्ह असतं, त्याच्यामागं जो कारभारी बसलेला असतो त्याचं नाव नेटवर्कमॅनेजर. हा लेख त्याच्याविषयी आहे, गावाविषयी वाटला तरी. रेड हॅट कंपनीतल्या लोकांनी तो २००४ साली लिहायला घेतला. त्याआधी लिनक्सवर वायरचं नेट सोडून वायफायवर जायचं, तर फायली उघडून आतल्या ओळी हातानं बदलाव्या लागत. त्यामुळे त्या काळी लिनक्स वापरणारा माणूस सहसा खुर्चीवरून उठत नसे. नेटवर्कमॅनेजरनं ही कटकट स्वतःच्या अंगावर घेतली. वायर घातली की ओळखायची, काढली की वायफाय शोधायचं, ओळखीचं दिसलं की न विचारता जोडून टाकायचं. चार वेळा प्रयत्न फसला तर पाच मिनिटं थांबून पुन्हा लागायचं. इतकी चिकाटी तालुक्याच्या ठिकाणी हेलपाटे घालणाऱ्या खातेदाराकडेच बघायला मिळते.

पण हा कारभारी पंक्तिप्रपंच करतो. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वाटेला तो एक आकडा देतो: वायरला १००, वायफायला ६००, मोबाइलच्या डोंगलला ७००. आकडा जितका लहान तितका मान मोठा. वायर आणि वायफाय दोन्ही जोडलेली असली तर सगळा माल वायरवरून जाणार आणि वायफाय नुसतं तयार होऊन ओट्यावर बसणार. हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या गावात उंदीर नसावेत.

आमची वायर येते ती अशी. रस्त्याच्या कडेनं केबलवाल्याची ऑप्टिकल फायबर येते आणि गिरणीतल्या एका पेटीत संपते. पेटी गिरणीत, कारण गावात दिवसभर वीज लागणारं आणि दिवसभर उघडं असणारं ठिकाण तेवढंच. तिथून पुढं निळी लॅनची वायर निघते, सागाच्या झाडावर चढते, गोठ्याच्या पत्र्यावरून उतरते आणि वाचनालयाच्या खिडकीच्या गजातून आत येते. इथरनेटची वायर १०० मीटरच्या पुढं नेऊ नये असं शास्त्र आहे. गिरणी ते वाचनालय अंतर कुणी मोजलं नाही, कारण मोजलं असतं तर ते १०० च्या पुढं निघालं असतं.

या वायरच्या पोटात आठ तारा असतात, दोन-दोनाच्या पिळाच्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. गंमत अशी, की १०० एमबीपीएसच्या साध्या जोडणीला यांतल्या दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. निळी आणि तपकिरी जन्मभर वायरीबरोबर हिंडतात आणि काही करत नाहीत. आमच्याकडे पहिल्याच पावसाळ्यात गोठ्याच्या पत्र्याजवळ उंदरांनी नारिंगी खाल्ली. नवी वायर आणायची तर खर्चाचा ठराव, ठरावाला सभा, सभेला गणसंख्या. पोरग्यानं दोन्ही टोकांचे जॅक कापले, नारिंगीच्या जागी तपकिरी बसवली, चिमट्यानं दाबलं आणि नेट सुरू. पुढं हिरवी तुटली तेव्हा निळीला काम मिळालं. जॅकच्या पाठीवर जी प्लास्टिकची क्लिप असते ती जगात सगळीकडे तुटलेलीच असते. आमचीही तुटली. तेव्हापासून जॅक जागेवर बसतो तो आगपेटीच्या काडीचा टेकू लावून, आणि वाचनालयाच्या जमाखर्चात 'नेटवर्क दुरुस्ती, आगपेटी एक' अशी नोंद आहे. हिशेबतपासनिसांनी तिच्यापुढं काढलेलं प्रश्नचिन्ह मी जपून ठेवलंय.

वायफायचीही कथा फार वेगळी नाही. संगणकांना अंगचं वायफाय नव्हतं म्हणून बोटाच्या पेराएवढा यूएसबी तुकडा आणला. तो चालायला ड्रायव्हर हवा. ड्रायव्हर नेटवरून उतरवायचा. नेट यायला वायफाय हवं, आणि वायफाय यायला ड्रायव्हर. ज्यानं रहिवासी दाखल्यासाठी रेशन कार्ड आणि रेशन कार्डासाठी रहिवासी दाखला मागितलेला अनुभवलाय, त्याला लिनक्सचं वायफाय समजावून सांगावं लागत नाही. लॅपटॉपला वायफाय होतं, पण वाचता वाचता कुणी दहा मिनिटं हात हलवला नाही, की ते डुलकी घ्यायचं. तपास केल्यावर एक फाईल निघाली, तिच्यात विजेची बचत म्हणून वायफायला झोपायची परवानगी दिलेली. परवानगीचा आकडा ३, नकाराचा आकडा २. पोरग्यानं तिनाचे दोन केले. एवढ्याशा बदलानं दुपारची झोप उडते, हे मी ग्रंथपालबाईंच्या कानावर मुद्दाम घातलं. त्यांनी ऐकलं नाही, त्या झोपल्या होत्या.

वळवाचा पहिला ढग गडगडला की मात्र गावभर एकच आरोळी, "वायर काढा!" वीज खांबावर पडो की सागावर, लोळ वायरीवरून घरात शिरतो आणि संगणकाचं लॅनचं भोक जाळून जातो. म्हणून आभाळ भरलं की काडीसकट जॅक बाहेर. नेटवर्कमॅनेजर तेव्हा कुरकुर न करता वायफायवर जातो. आभाळ उतरलं की वायर आत, तो परत वायरवर. जून महिन्यात दिवसातून किती वेळा त्याला असं नाचवतो आम्ही, पण तो कधी तोंड वर करून विचारत नाही.

खरी पंचाईत वेगळीच आहे. संगणकाला वायर जोडलेली आहे की नाही हे कळतं ते फक्त समोरच्या पेटीपर्यंत. पेटीचा दिवा लागला, पेटीनं पत्ता दिला, की 'कनेक्टेड'. पेटीच्या पलीकडं फायबर जिवंत आहे की जेसीबीच्या दातात आहे, ते त्या बिचाऱ्याला काय माहीत? आणि आमच्याकडे ती बहुधा जेसीबीच्या दातात असते. शहापूर–मुरबाड–कर्जत–खोपोली हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५४८ अ झाला. महामार्ग म्हटला की रुंदीकरण आलं, रुंदीकरण म्हटलं की जेसीबी आला, आणि फायबर नेमकी साइडपट्टीत पुरलेली. खोदण्यापूर्वी जमिनीखाली कुणाच्या वायरी आहेत ते विचारावं, म्हणून केंद्र सरकारनं मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं. ॲप चांगलं आहे. ते उघडायला जेसीबीवाल्याच्या फोनला रेंज लागते, एवढीच अडचण. बरं, फायबर तुटली की तो बिचारा पळून जात नाही. उलट खाली उतरून तुटकं टोक हातात धरून उभा राहतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "ही तुमची का?" असं विचारतो.

अशा वेळी लिनक्सच्या कोपऱ्यातलं चिन्ह हसतमुख. वायर १००, वायफाय ६००, सगळा माल तुटक्या वायरीवर. शेजारी कुणाच्या तरी फोनचं चालू हॉटस्पॉट, पण त्याच्याकडं ढुंकून बघायचं नाही. यावर पोरग्यानं एक तोड काढली. नेटवर्कमॅनेजरला सांगून ठेवता येतं, की दर पाच मिनिटांनी बाहेरचं एक ठरलेलं पान उघडून बघ. उघडलं तर नेट आहे. नाही उघडलं, तर जोडलेलं असूनही नेट नाही असं समज. आणि असं निघालं, की तो त्या वाटेच्या आकड्यात २०,००० मिळवतो. म्हणजे वायर १०० वरून थेट २०,१०० वर जाते, ६०० चं वायफाय तिच्या पुढं येतं आणि माल तिकडून सुरू होतो.

ही सोय चालू केली त्या दिवशी वाचनालयात पेपर वाचणारी नेहमीची मंडळी बसलेली होती. पोरगा पडद्याकडे बघून ओरडला, "काका, बसला! वायरला वीस हजारांचा दंड बसला!"

पेपर खाली आले.

"कुणी लावला? तलाठ्यानं?"

"वायर कुणाची? आपली?"

"गोठ्यावरून नेली तेव्हाच मी म्हणालो होतो. गोठा सामाईकात आहे."

गोठ्याच्या मालकाचा चुलत भाऊ तिथंच शब्दकोडं सोडवत होता. त्यानं पेन्सिल कानावर ठेवली आणि सांगितलं, दंडातला एक रुपयाही आपण देणार नाही, कोर्टात उभे राहू. पोरग्यानं समजावून सांगितलं, की दंड नुसता आकड्यातला आहे, पैसे कुणी भरायचे नाहीत, आणि नेट आलं की तो आपोआप माफ होतो. यावर मंडळी जरा वेळ गप्प राहिली. मग एक म्हणाले, "असा दंड तर आपल्याला कधीच लागला नाही."

नेट अगदीच गेलं, की फोन यूएसबीच्या वायरीनं संगणकाला जोडायचा. याला टेदरिंग म्हणतात, आणि नेटवर्कमॅनेजरचा भोळा भाव इथं सगळ्यात उघडा पडतो. फोनला सिग्नल कुठला, तर तीन डोंगरांपलीकडच्या टॉवरचा, वाऱ्यानं फांदी हलली तर जाणारा. पण तो येतो दीड हाताच्या वायरीतून. म्हणून हा त्याला नवं वायरचं कनेक्शन समजतो, यादीत 'वायर्ड कनेक्शन २' असं मानाचं नाव देतो आणि वायफायच्या डोक्यावर नेऊन बसवतो. शेवटच्या दीड हातात कोण कसा आला, यावर माणसाची पत ठरवणारे लोक मी लग्नाच्या मांडवात पाहिलेत.

वायफायच्या बाबतीत त्याचा गुण वेगळा: तो काही विसरत नाही. ज्या ज्या हॉटस्पॉटला एकदा जोडलं, त्याचं नाव आणि पासवर्ड एका फोल्डरात लिहून ठेवतो, शेवटचं कधी जोडलं तेही टिपून ठेवतो. आमच्या संगणकातली ही यादी म्हणजे गावाची अलीकडची बखरच. 'पाटील ५जी' आहे, गावात अजून ४जी उभ्या उभ्या येत असलं तरी. 'फुकट्यांनी दूर राहावे' आहे. लग्नाला आलेल्या व्हिडिओवाल्याचा आहे. जनगणनेसारखं काही तरी विचारायला आलेल्या बाईंचा आहे. पासवर्ड तर सरळ वाचता येतील असे लिहिलेले असतात, फक्त ते फोल्डर संगणकाच्या मुख्य मालकाशिवाय कुणाला उघडत नाही. एका तरुण कार्यकर्त्याच्या हॉटस्पॉटचा पासवर्ड म्हणजे गावातल्याच एका मुलीचं नाव आणि तिची जन्मतारीख निघाली. नेटवर्क सांभाळणाऱ्यानं पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो. पोरग्यानं कुणालाही सांगितला नाही. मला तेवढा सांगितला.

या यादीवरून ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जे झालं, ते सांगितलंच पाहिजे. वाचनालयात सरपंचबाईंच्या घरचं वायफाय पोहोचतं आणि समोरच्या पार्टीच्या पुढाऱ्याचंही पोहोचतं. दोघांनीही वाचनालयाला पासवर्ड दिलेला, जाहीर कार्यक्रमात, फोटो काढून. आता वायर बंद असताना संगणकानं आधी कुणाचं वायफाय धरायचं? नेटवर्कमॅनेजरमध्ये प्रत्येक कनेक्शनला प्राधान्याचा आकडा देता येतो, उणे ९९९ पासून ९९९ पर्यंत. आणि इथं आकडा मोठा तर मान मोठा, वाटांच्या आकड्यांच्या अगदी उलटं. असं का, ते लिनक्सवाल्यांना विचारू नये. ते सांगू लागतात.

सरपंचबाईंना दहा दिले, तर दुसरे अकरा मागणार हे उघड होतं. कार्यकारिणीच्या बैठकीत दोन तास चर्चा झाली. कुणी सुचवलं, सम तारखेला यांचं, विषम तारखेला त्यांचं. कुणी म्हणालं, सत्तेत आहेत त्यांचा मान पहिला. शेवटी पोरग्यानं दोघांनाही शून्य दिलं. शून्य बघून दोन्ही बाजू समाधानी झाल्या, कारण समोरच्यालाही शून्यच मिळालं होतं. पण आकडे सारखे असले, की नेटवर्कमॅनेजर जे शेवटी वापरलं तेच आधी धरतो. हे गुपित कुठून फुटलं कोण जाणे. दुसऱ्या दिवसापासून वाचनालय उघडायच्या आधीच दोन्ही पार्ट्यांचा एकेक माणूस ओट्यावर हजर. कुलूप निघालं की जो आधी संगणकाशी पोहोचेल, तो आपलं वायफाय जोडून मगच पेपर उचलायचा. वाचकसंख्या वाढली म्हणून त्या वर्षीच्या अहवालात मी ती नोंदवली आहे.

रेंजवाचून अडतं ते नुसतं वाचनालयाचं नाही. मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथं योगेंद्र बांगर गुरुजींनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा काढली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन दुपारी शाळेत जाऊ लागल्या. जगभरचे कॅमेरे येऊन गेले. आज्यांचं म्हणणं साधं होतं: अंगठा उठवायची लाज वाटते, सही यायला हवी. सही आली. आणि त्याच सुमारास सरकार सही मागायचं बंद झालं. रेशनच्या दुकानात यंत्र आलं, त्याला अंगठाच लागतो. जन्मभर भात लावून झिजलेला अंगठा यंत्राला ओळखू येत नाही, मग ओटीपी लागतो. आणि ओटीपी येतो फोनवर, फोनला रेंज लागते.

आमच्या गावात रेंजचं हमखास ठिकाण म्हणजे पाण्याची नवी टाकी. टाकी उभी राहिली तेव्हा पाणी आलं नाही, पण तिच्या जिन्यावर रेंज आली, त्यामुळे ती अगदीच वाया गेली असं म्हणता येत नाही. अर्ज भरायचा संगणक वाचनालयात, वायरला जोडलेला. ओटीपी येणार तो टाकीवर. मधे गिरणी. एका योजनेचे अर्ज भरायचे होते तेव्हा आमची व्यवस्था अशी बसली: आजीचा फोन घेऊन नातू टाकीच्या जिन्यावर, गिरणीवाला गिरणीच्या दारात, ग्रंथपालबाई कीबोर्डवर. बाईंनी बटण दाबलं की मी खिडकीतून हात हलवायचा. मेसेज आला की नातू वाचायचा, गिरणीवाला पुढं ओरडायचा, बाई टाइप करायच्या. चालू गिरणीत सात आणि आठ सारखेच ऐकू येतात असं ध्यानात आल्यावर ओटीपीपुरता पट्टा उतरवायचं ठरलं, आणि दळण थांबलेल्या बायकाही आकडे मोजायला दारात येऊ लागल्या. नातू आज्ञाधारक. तो मेसेज पहिल्या शब्दापासून वाचायचा. त्यामुळे "हा ओटीपी कोणालाही सांगू नका" हे वाक्य आधी टाकीवरून गावाला ऐकू यायचं, मग गिरणीवरून पुन्हा एकदा, आणि मग आकडे.

पैशाचंही तेच. मुरबाड तालुक्यातलं धसई १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. नोटाबंदीला महिना व्हायचा होता, बँकेनं दुकानदारांना स्वाइपची यंत्रं दिली, वडापावही कार्डावर मिळू लागला म्हणून शहरातले लोक मुद्दाम खायला आले. यंत्र छान. पण यंत्राचा जीव त्याच्या पोटातल्या सिमकार्डात, आणि सिमकार्डाचा जीव टॉवरमध्ये. तोवर आमच्याकडे उधारी वहीत मांडली जायची आणि वहीला टॉवर लागत नाही.

म्हशाच्या जत्रेत तर फोनचा स्वभाव पूर्णच बदलतो. पौष पौर्णिमेला म्हसोबाला माणसांचा आणि बैलांचा पूर लोटतो. फोनवर दांड्या भरलेल्या दिसतात आणि आत काहीच जात नाही, कारण टॉवर एक आणि त्याला लटकलेले फोन हजारो. घोंगडीवाल्यापुढं फोन हवेत धरून उभे असलेले लोक बघावेत. ते पैसे कापले गेले म्हणतात, तो आले नाहीत म्हणतो, दोघंही खरं बोलत असतात. पलीकडे बैलबाजारात मात्र उपरण्याखाली हात घालून बोटांनी सौदा चालू. दलाल बोट दाबतो, मालक मान हलवतो, तिसऱ्याला पत्ता नाही. एन्क्रिप्शन म्हणून जे काही आता शिकवतात ते यापेक्षा फार पुढं गेलंय असं मला वाटत नाही, आणि त्याला रिचार्ज लागत नाही.

असं नाही की आमच्याकडून फायबर जात नाही. चांगली जाते. रेलटेल ही रेल्वेची कंपनी २००० साली निघाली तीच मुळी रुळांच्या कडेनं फायबर टाकायला. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या वाटेनं देशाचा माल मुंबईत उतरतो, गाड्यांतून आणि काचेच्या तारांतूनही. शहापूरकरांना यात नवल वाटत नाही. तानसाचं पाणी १८९२ पासून मोठमोठ्या नळांतून त्यांच्या बांधावरून मुंबईला जातंय, मागून भातसाचंही जाऊ लागलं, आणि मे महिन्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. नळाला कान लावला तर पाणी जाताना ऐकू येतं, असं लहानपणी आम्हाला सांगत. फायबरला कान लावून काही ऐकू येत नाही, तेवढा त्रास कमी. मुरबाडला तर रेल्वेच नाही, त्यामुळे तिथल्या लोकांचा काहीच कडेनं जात नसल्याबद्दल स्वतंत्र मुद्दा आहे, तो ते योग्य व्यासपीठावर मांडतात.

आमचा पोरगा आता पुण्याला नोकरीला लागला. नेटवर्कच्याच कामाला. मुलाखतीत अनुभव विचारला तेव्हा त्यानं उंदीर, आगपेटी आणि निवडणूक सांगितली म्हणे. घेतला त्यांनी. तो गेल्यावर महिनाभरात, ज्या दिवशी वायरही तुटलेली होती त्याच दिवशी, लॅपटॉपचं वायफाय गेलं. आजूबाजूला दोन-दोन वायफाय असून यादी कोरी. मग पुन्हा तीच व्यवस्था उभी राहिली: नातू टाकीवर पुण्याला फोन लावून, गिरणीवाला दारात, बाई कीबोर्डवर.

पोरग्यानं सांगितलेली आज्ञा होती 'एनएमसीएलआय रेडिओ वायफाय ऑन'. नातवानं ती जशी ऐकली तशी ओरडली. गिरणीवाल्याला मधला एकच शब्द ओळखीचा लागला.

"रेडिओ लावा म्हणतोय!"

कुणी तरी लगबगीनं कपाटावरचा रेडिओ काढला, सेल घातले. आकाशवाणीवर हवामानाचा अंदाज लागला. लॅपटॉपला फरक पडला नाही. निरोप मागं गेला, "लावला, नाही होत." पुण्याहून जरा वेळ काही आलं नाही. मग एकेक अक्षर सुटं करून आज्ञा आली, बाईंनी टाइप केली, तरी यादी कोरीच. मग आली 'आरएफकिल लिस्ट'. पडद्यावर दोन ओळी: सॉफ्ट ब्लॉक नाही, हार्ड ब्लॉक आहे. म्हणजे मना करणारं सॉफ्टवेअर नव्हे, अंगावरचं बटण.

"बाजूला सरकवायचं बटण आहे का बघा!"

"कोणत्या बाजूला?"

हा प्रश्न वाचनालयातून गिरणीत, गिरणीतून टाकीवर, टाकीवरून पुण्याला गेला. तिकडून "समोरच्या" असं उत्तर निघालं, आणि ते पोहोचेपर्यंत बालवाचक विभागातल्या एका चिमुरडीनं लॅपटॉपच्या पुढच्या कडेचं इवलंसं बटण नखानं सरकवलं. ते तिनंच आदल्या दिवशी उलटं सरकवलेलं होतं. खालचा दिवा लागला, यादी भरली आणि नेटवर्कमॅनेजरनं कुणालाही न विचारता, शेवटी जे वापरलं होतं ते धरलं. ते निघालं समोरच्या पार्टीचं.

संध्याकाळी सरपंचबाईंचा माणूस वाचनालयात आला. पेपर न उचलता सरळ माझ्या टेबलाशी येऊन त्यानं विचारलं, "चिटणीससाहेब, लॅपटॉप तिकडं कधी गेला?"